खेळण्यांसाठी कपाट, रॅक, डबे घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. दोन मोठे खोके खेळण्यांनी काठोकाठ भरलेले. मुलं रोज ते जमिनीवर उलटे करतात, थोडा वेळ खेळतात आणि कंटाळून बाजूला होतात. आवरायला सांगितलं की रडारड. मग खेळण्यांसाठी कपाट करून घ्यावं की रॅक घ्यावा, आणि डबे कसले घ्यावेत?

यातलं काहीही आत्ता घेऊ नका. मी बरीच वर्षं टॉय लायब्ररी, म्हणजे मुलांना खेळणी उसनी देणारी लायब्ररी, चालवते आहे आणि लोकांच्या घरी जाऊन खेळण्यांची मांडणीही लावून देते. बहुतेक घरांत खरेदी आधी झालेली असते, आणि नव्या कोऱ्या डब्यांत जुनाच पसारा भरलेला असतो. आधी खेळणी नीट बघायची, मग मुलं ती कशी वापरतात ते बघायचं. डब्यांचा नंबर सगळ्यात शेवटी.

मांडणी बरोबर आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: खेळणं परत जागेवर ठेवायला मुलाला किती कामं करावी लागतात. काढण्याची काळजी नसते, हवं ते खेळणं मूल कुठूनही मिळवतं. पण डबा उंच फळीवर असेल तर खुर्ची ओढायची, डबा उतरवायचा, झाकण उघडायचं, खेळणं आत टाकायचं, झाकण दाबून बसवायचं आणि डबा पुन्हा वर चढवायचा. एका गाडीसाठी सहा कामं. दमलेला मोठा माणूसही हे करणार नाही, मग पाच वर्षांच्या मुलाने का करावं? तीच गाडी खालच्या फळीवरच्या उघड्या टोपलीत टाकायची असेल तर काम एकच. मुलं आवरत नाहीत अशी तक्रार मी ऐकते तेव्हा आधी ही कामं मोजते, मुलांच्या स्वभावाकडे नंतर वळते. बहुतेक वेळा वळावं लागतच नाही.

या हिशेबाने मोठा खोका उत्तम वाटेल, कारण त्यात टाकणं सगळ्यात सोपं. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. तळाशी गेलेलं खेळणं मिळवायचा मुलापुढे एकच मार्ग असतो, खोका उलटा करणं. उलटा केल्यावर समोर जो ढीग पडतो त्यातून मूल निवडत नाही, नुसतं चिवडतं. पझलचे तुकडे एकीकडे, बाहुलीचा बूट दुसरीकडे, गाडीचं चाक तिसरीकडे, त्यामुळे पूर्ण असं काहीच हाताला लागत नाही. तुमची मुलं थोड्याच वेळात कंटाळतात त्याचं मोठं कारण हे आहे. त्यांच्याकडे खेळणी भरपूर आहेत, पण खेळता येईल अशा अवस्थेत फार थोडी आहेत.

मूल निवडू शकतं यावर आपला विश्वास कमी असतो. शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपलं पहिलं बालगृह उघडलं तेव्हा तिथलं साहित्यही मोठ्या कपाटात कुलूपबंद असायचं आणि शिक्षिका ते मुलांना वाटायची. एकदा ते कपाट उघडं राहिलं आणि शिक्षिका यायच्या आधीच मुलांनी आपापल्या आवडीच्या वस्तू घेतल्या. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरींना मात्र दिसलं की कुठलं साहित्य कुठे आहे हे मुलांना पक्कं ठाऊक आहे आणि आपल्याला काय हवं हेही त्यांना कळतं. पुढे कुलपाच्या कपाटाच्या जागी मुलांच्या उंचीची बुटकी कपाटं आली. आज बालवाड्यांमध्ये दिसणारी उघडी, बुटकी मांडणी या विचारातून आली आहे, आणि ती घरातही तितकीच चालते.

आता कामाला लागू. मुलं घरात नसताना किंवा झोपलेली असताना सगळी खेळणी एका चादरीवर काढा. खेळण्यांचे गट आकारावरून किंवा रंगावरून करू नका, खेळाच्या प्रकारावरून करा: रचायची, भातुकलीची, गाड्या, प्राणी आणि माणसं, पझल, नियमांचे खेळ, चित्रकलेचं सामान. मूल खेळताना असाच विचार करतं. त्याला ‘मला काहीतरी रचायचंय’ असं वाटतं, ‘मला मध्यम आकाराचं खेळणं हवंय’ असं वाटत नाही. मोडकी खेळणी, अर्धवट संच आणि वय ओलांडलेली खेळणी लगेच वेगळी निघतील. धारदार कडा आलेलं किंवा तडकलेलं प्लास्टिक लगेच टाकून द्या. चांगली पण नको असलेली खेळणी द्यायची असतील तर पाच वर्षांच्या मुलाला विचारून द्या. त्याच्या नकळत एखादं खेळणं गेलं आणि ते त्याच्या लक्षात आलं, तर पुढे तो प्रत्येक वस्तू धरून ठेवेल आणि तुमचं काम दुप्पट होईल. दीड वर्षाच्या मुलीला विचारण्यात अर्थ नाही, तिच्यासाठी तुम्हीच ठरवा.

एवढं केल्यावरही खूप उरेल. ते सगळं बाहेर ठेवायचं नाही, हा माझ्या उत्तराचा गाभा आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ खेळण्यांबरोबर आणि एकदा १६ खेळण्यांबरोबर खेळू दिलं. चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी वापरून बघत राहिली. अभ्यास लहान आहे, त्यावरून घरात चारच खेळणी ठेवा असा नियम मी काढणार नाही. पण मी घरांमध्ये जे बघते त्याच्याशी तो तंतोतंत जुळतो.

खेळण्यांचे साधारण तीन भाग करा. एक बाहेर, दोन बंद. प्रत्येक भागात सगळ्या प्रकारांतलं थोडं थोडं यायला हवं, नाहीतर एका महिन्यात नुसत्या गाड्या आणि दुसऱ्यात नुसती पझल अशी गत होते. बंद केलेले भाग मुलांच्या नजरेआड हवेत, माळ्यावर किंवा पलंगाखालच्या खणात. पारदर्शक पेटीत भरून समोरच्या कपाटावर ठेवलेत तर दिवसभर हट्ट चालेल. अदलाबदल दोन ते चार आठवड्यांनी पुरते, पण मी तारखेपेक्षा मुलांकडे बघून ठरवते. आठवडाभर कुणी हात लावला नाही ते खेळणं आत आणि त्याच्या जागी एक बाहेर. सगळं एकदम बदललं तर लहान मुलीला गोंधळल्यासारखं होतं. झोपताना लागणारी बाहुली, सतत वापरातले ठोकळे आणि सध्या ज्याचं वेड आहे ते खेळणं या फेऱ्यात आणूच नका. आत ठेवलेलं काही मुलाने आठवून मागितलं तर नाही म्हणू नका, बदल्यात बाहेरचं एक त्यालाच निवडून आत ठेवायला सांगा. टॉय लायब्ररी चालते ती याच तत्त्वावर. १९३५ साली महामंदीच्या काळात लॉस एंजेलिसमध्ये मुलांना खेळणी उसनी द्यायला सुरुवात झाली, तेव्हापासून रीत तीच आहे: हातातलं परत करायचं, दुसरं न्यायचं. परत करायची सवय मुलांना यातून आपोआप लागते.

तुमच्या घरात दोन वयांची मुलं आहेत, म्हणून इथे जरा थांबून बोलते. मांडणीतली खरी रेघ उंचीने आखायची. जमिनीलगतच्या दोन फळ्या मुलीच्या, त्यावरच्या मुलाच्या. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी सुट्या भागांची एक प्रमाण चाचणी असते: ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या छोट्या नळकांड्यात, ज्याची खोली तिरकी म्हणजे एका बाजूला २५.४ आणि दुसऱ्या बाजूला ५७.१ मिलिमीटर असते, जो भाग पूर्ण मावतो तो घशात अडकण्याइतका लहान मानतात. घरी यासाठी टॉयलेट पेपरच्या रोलची आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणून निकाल सुरक्षित बाजूने लागतो. नळीतून आरपार जाणारं काहीही मुलीच्या फळ्यांवर नको. मणी, छोटे ठोकळे, सोंगट्या, बाहुल्यांचे बूट हे सगळं मुलाच्या डब्यांत जाईल, आणि फक्त या डब्यांना घट्ट बसणारं झाकण हवं. कामं वाढतात हे मला मान्य आहे, पण इथे ती वाढलेलीच बरी. असे खेळ मुलाने टेबलावर बसून खेळावेत आणि उठण्याआधी डबा बंद व्हावा. नुसत्या उंचीवर विसंबू नका, दीड वर्षाचं मूल बघता बघता चढायला लागतं.

तीन वस्तूंबाबत याहून कडक राहा. बटण बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते, म्हणून ज्यांच्या बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नाही अशी खेळणी घरातूनच काढा. छोटे शक्तिशाली चुंबक दोन किंवा जास्त गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना चिकटतात आणि मधला भाग चिमटला जाऊन आतड्याला भोक पडू शकतं. पाण्यात फुगणारे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतात. लहान मूल असलेल्या घरात या मण्यांना आणि सुट्या चुंबकांना मी जागाच देत नाही. यातलं काही गिळल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात जा.

रॅक कुठलाही असो, भिंतीला पक्का करा. खण बाहेर काढून त्यांच्या पायऱ्या करणं मुलांना फार लवकर सुचतं, आणि पुढे भार आला की कपाट अंगावर येतं. कपाटं अशी उलटून मुलं दगावल्यामुळे २०१६ मध्ये अमेरिकेत एका कंपनीला सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत मागवावी लागली, आणि २०२२ मध्ये तिथे अशा कपाटांच्या स्थिरतेसाठी वेगळा कायदाच झाला. जड वस्तू तळाला ठेवा आणि आकर्षक खेळणं किंवा रिमोट कपाटाच्या डोक्यावर कधीच ठेवू नका, चढायला तेच निमित्त होतं. झाकणाची जुनी लाकडी पेटी वापरायची असेल तर झाकण कुठल्याही कोनात सोडलं तरी जागीच थांबलं पाहिजे, कुलूप किंवा कडी नको, आणि मूल आत शिरलंच तर हवा मिळेल अशी भोकं हवीत. माझं मत विचाराल तर झाकण काढूनच टाका.

आता खेळण्यांच्या जातींकडे येते. लेगोसारख्या ठोकळ्यांची बहुतेक पालक रंगावरून वर्गवारी करतात. दिसायला ती सुंदर दिसते, पण खेळायला गैरसोयीची असते. मिश्र ढिगातून लाल रंग डोळ्याला चटकन सापडतो, पण लालच्या ढिगातून लाल रंगाचं छोटं बिजागर सापडत नाही. म्हणून आकारावरून वेगळे करा: मोठे ठोकळे, चपट्या पट्ट्या, चाकं आणि खिडक्या-दारं, माणसं, आणि बारीक विशेष भाग. पाच वर्षांच्या मुलाला चार-पाच गट पुरे, त्याहून बारीक वर्गवारी दोन दिवसही टिकत नाही. वय लहान असेल तर गट अजून कमी करा. ठोकळे खेळताना खाली गोल चादर अंथरा, काठाला नाडी ओवलेली. खेळ संपला की नाडी ओढायची आणि गाठोडं टोपलीत. धुवायचे झाले तर ४० अंशांपेक्षा गरम पाणी नको, प्लास्टिक वाकतं आणि मग ठोकळे एकमेकांत बसत नाहीत.

पझलच्या प्रत्येक तुकड्यामागे एकाच रंगाची खूण करा, पहिल्या पझलला निळा ठिपका, दुसऱ्याला हिरवा. दोन पझल मिसळली तरी पाठी बघून वेगळी होतात. पुठ्ठ्याचा खोका फाटतोच, म्हणून तुकडे झिपच्या पिशवीत, वरचं चित्र कापून त्याच पिशवीत, आणि बाहेर तुकड्यांची संख्या. परत आलेली प्रत्येक पिशवी आम्ही लायब्ररीत संख्येवरून मोजून घेतो, घरी महिन्यातून एकदा मोजलं तरी चालतं. पिशव्या मात्र मुलीच्या हाती लागू देऊ नका. बोर्ड गेमचे फासे, पत्ते, सोंगट्या यांनाही हीच पद्धत.

मऊ खेळणी सगळ्यात जास्त जागा खातात आणि सगळ्यात कमी खेळली जातात. दोघांची लाडकी चार-पाच बाहेर ठेवा, बाकी फेऱ्यात. त्यांत धूळ आणि धुळीतले सूक्ष्म किडे साठतात. शिवणीवरच्या लेबलावर परवानगी असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यावर हे किडे मरतात. गरम पाणी सोसणार नसेल तर पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा, कारण थंडीने किडे मरतात पण त्यांचे अवशेष कापडातच राहतात आणि ॲलर्जी त्यांचीच होते. पूर्ण वाळल्याशिवाय बंद पेटीत भरू नका.

अंघोळीची पिचकारीसारखी रबरी खेळणी हा स्वतंत्र विषय आहे. आतलं पाणी कधीच पूर्ण वाळत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ईवाग या जलसंशोधन संस्थेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वापरातली अशी खेळणी कापून पाहिली तर आत जिवाणू आणि बुरशीचा चिकट थर आढळला. भोक नसलेली खेळणी घ्या, आणि पाणी निथळेल अशा जाळीच्या पिशवीत टांगा.

बॅटरीची खेळणी आत ठेवताना बॅटरी काढून ठेवा, गळलेल्या बॅटरीने चांगली खेळणी कायमची बाद होतात. लाकडी खेळणी पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात वर्षानुवर्षं चिकटून राहिल्या तर त्यांतला मऊपणा देणारा पदार्थ बाहेर झिरपतो आणि डबा चिकट होतो, म्हणून त्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. पुस्तकांचं मुखपृष्ठ समोर दिसायला हवं, लहान मुलं कण्यावरून पुस्तक ओळखत नाहीत.

आवरण्याबद्दल. ‘खोली आवर’ ही सूचना लहान मुलासाठी फार मोठी आहे. त्यात कुठून सुरुवात करायची, काय कुठे जातं आणि कधी संपलं, हे सगळं त्यानेच ठरवायचं असतं. त्यापेक्षा एकच प्रकार सांगा: गाड्या टोपलीत. त्या झाल्या की प्राणी. सुरुवातीला तुम्ही शेजारी बसून करा, हळूहळू मागे सरका. वेळ जेवणाआधीची निवडा, डोळे मिटायला आल्यावरची नाही. दीड वर्षाची मुलगी डबा भरते आणि लगेच ओतते, त्याला खोडी समजू नका. भरणं आणि ओतणं हा तिच्या वयाचा खेळच आहे. तिला तिचा एक डबा आणि काही मोठे ठोकळे द्या, तेवढीच तिची आवराआवर. मुलाने अर्ध्यात सोडलेलं बांधकाम मोडायला लावू नका. एक ट्रे किंवा फळी त्याच्या चालू कामासाठी राखून ठेवा. आवरणं म्हणजे आपलं काम मोडणं, अशी समजूत एकदा झाली की मूल आवरण्याला विरोध करणारच, आणि त्या विरोधात त्याचं चुकत नाही.

डब्यांवर नावं लिहू नका, दोघांनाही ती अजून उपयोगाची नाहीत. प्रत्येक खेळण्याचा फोटो काढा, एक प्रत डब्यावर आणि एक फळीवर तो डबा जिथे बसतो तिथे. फळीवरचा फोटो लोक विसरतात आणि मग डबे कुठेही ठेवले जातात. जागा ओळखायला तोच जास्त कामाचा असतो.

हे सगळं घरात असलेल्या टोपल्या, बुटांचे खोके आणि ट्रे वापरून दोन-तीन आठवडे करून बघा. कुठला गट सतत ओसंडतो आणि कुठला कुणी उघडतही नाही, हे तेवढ्यात कळतं. मग मोजपट्टी घेऊन खरेदीला जा. रॅकच्या फळीची खोली साधारण ३० सेंटिमीटर ठेवा. त्याहून खोल फळीवर दोन रांगा लागतात आणि मागची रांग विसरली जाते. डब्याची उंची १५ ते २० सेंटिमीटर, म्हणजे मुलाचा हात तळापर्यंत पोचतो आणि ओतायची गरज पडत नाही. भरलेला डबा मुलाला एकट्याने उचलता आला पाहिजे, म्हणून ठोकळ्यांसाठी लहान डबे आणि मऊ खेळण्यांसाठी मोठी टोपली. सुट्या भागांचे डबे सोडले तर झाकणं घेऊच नका. सगळे डबे एकाच मापाचे घेतले तर पुढे गट बदलला तरी जागा बदलावी लागत नाही. दारांचं कपाट करून घेण्याच्या फंदात पडू नका, ते पाहुण्यांसाठी चांगलं दिसतं, पण दारामागचं मुलांना दिसत नाही. आणि एक जास्तीचा छोटा डबा घ्या, झाकणाचा, कुठून आले ते न कळणाऱ्या सुट्या भागांसाठी. तो मुलीच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवा आणि आठवड्यातून एकदा मुलाबरोबर बसून रिकामा करा. कुठला तुकडा कशाचा आहे हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.